बारागानचं आर्काइव्ह: कागद वाचले, मग एवढा आरडाओरडा कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेक्सिकन आर्किटेक्ट लुईस बारागानच्या ऑफिसचं अख्खं आर्काइव्ह १९९५ मध्ये एका स्विस फर्निचर कंपनीच्या मालकाने विकत घेतलं, ते तिकडे गेलं ते बरं झालं की वाईट? आणि आता सगळं हाय रेझोल्यूशनमध्ये स्कॅन करून मेक्सिकोला एक हार्ड डिस्क पाठवली तर भांडण मिटणार नाही का?

आर्किटेक्टांची ड्रॉइंग आणि जुने फोटो जपणं, दुरुस्त करणं हेच माझं काम, बरीच वर्षं तेच करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले. कागद वाचले. कागदांचा वापर मात्र पंचवीसेक वर्षं अडकून राहिला. आणि सगळं खापर स्विस लोकांवर फोडणं मला पटत नाही, कारण खरा घोळ आर्काइव्हचे दोन तुकडे झाले तिथे झाला, आणि ते तुकडे मेक्सिकोतच झाले, खुद्द बारागानच्या मृत्युपत्रात.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी. बारागान १९०२ चा, ग्वादालाहाराचा, शिक्षणाने इंजिनियर. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने त्याच्या कामाचं प्रदर्शन केलं, १९८० मध्ये प्रिट्झकर हे आर्किटेक्चरमधलं सर्वात मानाचं बक्षीस मिळालं, म्हणजे ते बक्षीस सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये तो गेला. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही. लायब्ररी आणि घरातल्या खाजगी गोष्टींचं काय करायचं ते त्याने जुना मित्र इग्नासिओ दियास मोरालेसवर सोपवलं. ऑफिसचं जे काही होतं, ड्रॉइंग, फोटो, निगेटिव्ह, पत्रव्यवहार, शिवाय त्याचे हक्क, हे सगळं गेलं धंद्यातला भागीदार राउल फेरेराकडे. माणूस म्हणून हे अगदी समजण्यासारखं आहे, आठवणी मित्राला, ऑफिस पार्टनरला. पण १९९३ मध्ये फेरेराही गेला, आर्काइव्ह त्याच्या पत्नीकडे आलं, आणि तिथून न्यूयॉर्कच्या मॅक्स प्रोटेच नावाच्या गॅलरीवाल्याकडे विकायला. आता १९९५ साल आठवा, डिसेंबर १९९४ मध्ये पेसो धाडकन कोसळलेला, डॉलरमध्ये किंमत सांगितलेली वस्तू मेक्सिकोतली कुठली युनिव्हर्सिटी किंवा सरकारी खातं त्या वर्षी उचलणार होतं? शेवटी व्हिट्रा या त्या फर्निचर कंपनीच्या रोल्फ फेलबाउमने ते घेतलं, १९९६ मध्ये बाझेलजवळ बिर्सफेल्डेनला बारागान फाउंडेशन निघालं आणि आर्किटेक्चरचा इतिहास अभ्यासणाऱ्या फेदेरिका झांको त्याच्या डायरेक्टर झाल्या. पुढे फोटोग्राफर आर्मांदो सालास पोर्तुगालने बारागानच्या कामाचे काढलेले फोटोही हक्कांसकट फाउंडेशनने मिळवले. हे हक्कांचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऐवज किती, तर साधारण साडेतेरा हजार ड्रॉइंग, आणि फोटो, निगेटिव्ह, स्लाइड हेही हजारांनी. मॉडेल मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मी वर दोन तुकडे म्हणालो त्याचं एक उदाहरण देतो, नाहीतर ते नुसतं शब्दांत राहील. मेक्सिको सिटीच्या ताकुबाया भागात बारागानचं स्वतःचं घर आहे, १९४८ चं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, १९९४ पासून म्युझियम. त्याच्या गच्चीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, उंच रंगीत भिंती आणि वर नुसतं आकाश. पण ती गच्ची सुरुवातीला तशी नव्हती. आधी कठडा खुजा होता, बागेकडे नजर जायची, मग वर्षांमागून वर्षं बारागान भिंती चढवत गेला, रंग बदलत गेला. बारागानची ही सवयच, साइटवर उभं राहून बघायचं आणि बदलायचं, ड्रॉइंग काय म्हणतं ते दुय्यम. तेव्हा नुसतं ड्रॉइंग बघून तुम्ही त्या गच्चीबद्दल काहीतरी चुकीचंच लिहाल, आणि नुसतं घर बघूनही. ड्रॉइंग, त्या त्या वर्षीचे फोटो, गवंड्याला किंवा रंगाऱ्याला दिलेल्या चिठ्ठ्याचपाट्या आणि प्रत्यक्ष भिंत, ही चार एका टेबलावर आली तर गोष्ट कळते. इथे भिंत आणि त्याची पुस्तकं ताकुबायात, बाकीचं समुद्रापार. कागद कितीही छान ठेवले तरी हे नुकसान कागदाच्या तब्येतीत दिसत नाही.

बरं, आता तब्येतीकडे येऊ, कारण माझा खरा विषय तो आहे आणि इथे लोक फार ढोबळ बोलतात.

बारागानच्या पिढीच्या कुठल्याही ऑफिसात, मेक्सिको असो की मुंबई, रोलमध्ये काय सापडतं? ट्रेसिंग पेपर सगळ्यात जास्त. त्यावर पेन्सिल, शाई, कधी रंगीत पेन्सिल. मग त्यांच्या प्रती, जुन्या असतील तर खरोखरचे निळे ब्लू प्रिंट, नंतरच्या अमोनिया प्रिंट. या तिघांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत आणि आपण मात्र तिन्ही एकाच रोलमध्ये गुंडाळून वर रबर लावून माळ्यावर टाकतो. अमोनिया प्रिंटमधून रसायनं सुटत राहतात, शेजारचा कागद पिवळा पाडतात, म्हणून त्या वेगळ्याच ठेवायच्या. ब्लू प्रिंटचा निळा रंग अल्कलीत फिका पडतो, म्हणजे जे अल्कलाइन बफर (अॅसिड मारणारा पदार्थ) घातलेले भारीतले फोल्डर आपण बाकी सगळ्या कागदासाठी कौतुकाने घेतो तेच याला चालत नाहीत, याला साधा बफर नसलेला अॅसिड-फ्री कागद लागतो. आणि पेस्टल किंवा मऊ पेन्सिलचं ड्रॉइंग असेल तर ते पॉलिएस्टरच्या पारदर्शक स्लीव्हमध्ये घालायचंच नाही, स्टॅटिकमुळे रंगाची पूड उचलली जाते, वरून दिसायला एकदम म्युझियमसारखं आणि आत ड्रॉइंग हळूहळू प्लास्टिकला चिकटतंय.

ट्रेसिंगचा रोल उघडताना बघितलंय का कधी? पन्नास-साठ वर्षं गुंडाळलेला रोल टेबलावर ठेवला की तो उलगडत नाही, हात काढला की परत गप्पकन मिटतो, आणि जबरदस्ती केली तर कडेपासून तडा जातो, तो तडा नेमका सरळ रेषेत आत शिरतो. म्हणून त्याला आधी दमट हवा द्यायची, पाणी नाही, हवा. बंद पेटी, तळाला ओला ब्लॉटिंग, मध्ये गोरटेक्स म्हणजे वाफ जाऊ देणारं पण थेंब अडवणारं कापड, वर रोल. दर थोड्या वेळाने बघायचं, शाई सुटत नाहीये ना. ट्रेसिंग पेपर ओलाव्याला भयंकर पटकन ताणतो, एक थेंब पडला तर तिथे सुरकुतीचं बेट तयार होतं आणि ते मग आयुष्यभर राहतं. नरम झाला की ब्लॉटिंगच्या दोन थरांमध्ये वजनाखाली सावकाश सुकवायचा. त्याच्या कडेला पिवळी पडलेली सेलोटेप असते, टाचण्यांची भोकं असतात, कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर. पाठ बघायची, हे मी शिकाऊ पोरांना सारखं ओरडून सांगतो, पाठीवर कधी दुसऱ्याच प्रोजेक्टचं स्केच सापडतं, कधी पलीकडून रंगवलेलं असतं म्हणजे पुढून तो रंग मंद दिसावा. भोकं बुजवायची नाहीत. कुठलं शीट कुठल्या शीटवर टाचलेलं होतं ते त्या भोकांवरून जुळतं, आणि कुठलं ड्रॉइंग आधीचं कुठलं नंतरचं हा अर्धा वाद तिथेच सुटतो.

फिल्मचं दुखणं वेगळं. अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या निगेटिव्ह सडायला लागल्या की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, आणि ते अॅसिडच सडणं आणखी वाढवतं, शेजारच्या डब्यांनाही लागण. वास यायच्या आधी कळावं म्हणून रोचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवायच्या, निळ्याच्या हिरव्या, हिरव्याच्या पिवळ्या झाल्या की समजायचं. त्यांच्याच हिशोबाने २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताजी अॅसिटेट फिल्म साधारण ४० वर्षांत सडायला लागते. म्हणजे १९५० च्या दशकातल्या निगेटिव्हना १९९५ मध्ये कोल्ड स्टोरेज मिळालं असेल तर ते अगदी वेळेवर. इथे मी फाउंडेशनला पूर्ण मार्क देतो. कपाटात राहिल्या असत्या तर आज भांडायलाही काही उरलं नसतं.

आणि स्लाइड. बारागान म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तो गुलाबी येतो ना, तो गुलाबी तुम्ही कुठून पाहिलात? बहुतेक छापील फोटोतून, आणि तो फोटो स्लाइडवरून. त्या काळच्या बऱ्याच रंगीत स्लाइडमध्ये अंधारात ठेवूनसुद्धा निळसर डाय आधी उडतो, राहतं ते लालसर. कोडाकची कोडाक्रोम फिल्म अंधारात छान टिकते, पण सगळं काही कोडाक्रोमवर काढलेलं नसतं. मग भिंत १९७६ मध्ये किती गुलाबी होती, आज किती आहे आणि स्लाइडमध्ये किती, हे तीन वेगळे गुलाबी. बारागानचं १९७६ चं गिलार्दी हाउस असो की त्याआधीचे सान क्रिस्तोबालचे घोड्यांचे तबेले, रंग परत लावायची वेळ आली की डबा कुठला उघडायचा हा खरा प्रश्न असतो, कारण ऊन आणि पाऊस रंग ठेवत नाहीत, भिंत पुन्हा पुन्हा रंगवावीच लागते. भिंतीवरून छोटा नमुना खरवडून थर मोजता येतात, पण कुठला थर कुठल्या वर्षीचा ते सांगायला तारीख असलेला फोटो लागतो, बिल लागतं, चिठ्ठी लागते. परत तेच, तुकडे.

आता स्कॅनचं. स्कॅन करावं, जरूर करावं, मोठ्या ड्रॉइंगला इंचाला ३०० ते ४०० पिक्सेल, शेजारी कलर टार्गेट ठेवून, टिफ फाइल, दोन्ही बाजू, आणि फाइल बिघडली की कळावं म्हणून चेकसम. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. पण वर जे सांगितलं, टाचणीची भोकं, खोडून परत काढलेल्या रेषेचा उंचवटा, तिरक्या उजेडात दिसणारे दाब, त्यातलं किती वरून सपाट प्रकाश टाकून काढलेल्या स्कॅनमध्ये येतं? फार थोडं. शिवाय हार्ड डिस्क हीच मुळात जपायची वस्तू होऊन बसते, कागद पन्नास वर्षं माळ्यावर दुर्लक्षात पडून वाचतो, डिस्क दहा वर्षं दुर्लक्षात ठेवून बघा. आणि सगळ्यात मोठं, मेक्सिकोला डिस्क दिली तरी त्यातली चित्रं छापायचा हक्क कोणाकडे? मेक्सिकोत कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर १०० वर्षं चालतो, आपल्याकडे ६०. हक्क न देता डिस्क दिली म्हणजे बघा आणि ठेवून द्या. भांडण कागदाचं वाटतं पण निम्मं भांडण परवानगीचं आहे.

त्या परवानगीच्या भांडणातूनच तो हिऱ्याचा प्रकार झाला. जिल मॅगिड नावाच्या अमेरिकन कलाकार बाईंना आर्काइव्ह बघायला मिळालं नाही, तर त्यांनी बारागानच्या घरच्यांची आणि सरकारची परवानगी काढून २०१५ मध्ये ग्वादालाहारातून त्याच्या अस्थींची ५२५ ग्रॅम राख घेतली, त्याजागी तेवढ्याच वजनाचा चांदीचा घोडा ठेवला, राखेपासून साधारण दोन कॅरेटचा हिरा करून घेतला, अंगठीत बसवला आणि २०१६ मध्ये झांकोबाईंपुढे ठेवला: आर्काइव्ह मेक्सिकोत परत आणा, अंगठी घ्या. त्यांनी घेतली नाही. मेक्सिकोत यावरून प्रचंड वाद झाला. मला विचाराल तर कलाकृती म्हणून हुशार, आर्काइव्हवाला म्हणून माझ्या कामाची नाही, कारण सगळी चर्चा अंगठीवर गेली आणि यादी कुठे आहे हे कुणी विचारलंच नाही.

हो, यादी. इंग्रजीत ज्याला फाइंडिंग एड म्हणतात ती. पंचवीस वर्षं कॅटलॉगिंग चाललं, त्यात २००० मध्ये व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं, अभ्यासपूर्ण पुस्तकं आली, हे सगळं खरं, पण बाहेरच्या संशोधकाला अमुक प्रोजेक्टची किती शीट्स आहेत आणि मी कधी येऊ एवढ्या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नव्हतं. साडेतेरा हजार ड्रॉइंग नीट नोंदवायला वेळ लागतो हे मी स्वतः करत असल्यामुळे कुणाहीपेक्षा जास्त मान्य करेन. पण त्यासाठी दार बंद ठेवायची गरज नसते, अर्धवट यादीही लोकांना देता येते, खाली लिहायचं काम चालू आहे. उलट बाहेरचा अभ्यासक येऊन सांगतो की तुमचा हा फोटो १९५२ चा नाही, मागची इमारत तेव्हा नव्हतीच. फुकटात कॅटलॉग दुरुस्त होतो.

सातेलिते टॉवर्सचंच घ्या. मेक्सिको सिटीच्या उत्तरेला हायवेच्या मधोमध उभे पाच रंगीत त्रिकोणी मनोरे, १९५७-५८ चे. बारागान आणि शिल्पकार माथियास गोएरित्झ दोघांचं काम, आणि नंतर कल्पना कुणाची यावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. अशा वेळी एकाच पक्षाचे कागद एका खाजगी फाउंडेशनकडे, आणि कोण बघणार ते तेच ठरवणार, ही परिस्थितीच वाईट. फाउंडेशन काही लपवतंय असं मी म्हणत नाहीये. पण उघडं असतं तर कुणाला तशी शंकाही घेता आली नसती.

'युरोपात गेलं म्हणूनच वाचलं' हेही मला मान्य नाही, कुणीतरी हे वाक्य टाकणारच म्हणून आधीच सांगतो. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, आपल्या मुंबईसारखी जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटणारी हवा तिथे नाही, कागदाला ती बरीच मानवते. तिथला धोका भूकंप, १९८५ चा आणि २०१७ चा दोन्ही मोठे आणि दोन्ही १९ सप्टेंबरलाच, त्याला उत्तर म्हणजे कपाटं भिंतीला आणि जमिनीला बोल्टने आवळणं, ड्रॉइंग आडवी ठेवायची जड ड्रॉवरची कपाटं खालच्या मजल्यावर, ड्रॉवरला कुलूप. महाग पडणारं काम नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या आर्किटेक्चर विभागात मेक्सिकन आर्किटेक्टांच्या कागदपत्रांचा संग्रह आहेच, म्हणजे जागा नव्हती, माणसं नव्हती असं नाही. पैसे आणि कायदा कमी पडले. १९७२ च्या त्यांच्या स्मारक कायद्यात एखाद्याचं काम कलास्मारक जाहीर करता येतं, चित्रकार फ्रीडा कालोचं १९८४ मध्ये केलं आणि तिची मेक्सिकोतली चित्रं कायमची देशाबाहेर जाणं बंद झालं. बारागानचं घर १९८८ मध्ये जाहीर झालं. घरावर शिक्का, कागदांवर नाही. इमारत म्हणजे वारसा आणि ड्रॉइंग म्हणजे ऑफिसची रद्दी, ही समजूत फक्त मेक्सिकोची आहे असं समजू नका.

आपलं उदाहरण आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं. मूळचे गोव्याच्या घराण्यातले, सगळी प्रॅक्टिस मुंबईत, आणि त्यांचं सहा हजारांच्या वर ड्रॉइंगचं आर्काइव्ह लंडनच्या रिबाकडे, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेकडे, २०१३ मध्ये तिथे प्रदर्शनही झालं. बाहेर गेलं म्हणून इथेही लोक हळहळले. पण फरक बघा, हे त्यांनी स्वतः जिवंतपणी दिलं, आपण होऊन संस्था निवडली, आणि ती संस्था अशी की जिचं कामच मुळी लोकांना ड्रॉइंग दाखवणं. पासपोर्ट लागतो हे खरं, पण दारात कुणाची मर्जी लागत नाही.

बारागानच्या बाबतीतही अलीकडे बदल झालाय. २०२२ पासून आर्काइव्ह व्हिट्रा डिझाइन म्युझियमच्या हाती आहे, सीमेपलीकडे जर्मनीत वाइल आम राइनला, आणि संशोधकांना वेळ ठरवून बघता येतं. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की डिस्क नको, आधी संपूर्ण यादी ऑनलाइन टाका, छोट्या आकाराच्या चित्रांसकट, स्पॅनिशमध्ये. मग ताकुबायाच्या घरातल्या लायब्ररीची आणि कागदांची यादी तिला जोडा, दोन संस्था, एकच नंबरिंग. अभ्यासासाठीच्या छपाईला फी माफ. मूळ कागद लांबच्या मुदतीने आळीपाळीने मेक्सिकोत प्रदर्शनाला पाठवणं त्यानंतर, आणि मालकी कुणाची हा वाद त्याच्याही नंतर, तो वकिलांचा आहे आणि त्यात अजून एक पिढी जाईल.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर आधी ताकुबायाचं घर बघा, तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, थोड्याच लोकांना एका वेळी सोडतात. गच्चीवर प्रत्येक भिंत कुठे संपते ते वहीत काढून घ्या, अंदाजे उंची लिहा. मग जर्मनीतल्या म्युझियमला मेल करताना 'बारागानचं काम बघायचंय' असं मोघम लिहू नका, प्रोजेक्ट, साल, आणि गच्चीचे कुठल्या दशकातले फोटो हवेत ते लिहा. आणि तिथे टेबलावर शीट आलं की पाठ दाखवायला सांगा. स्वतः उलटू नका, त्यांच्या माणसाला उलटू द्या.